मॅच बघू द्या की!

आमच्या कट्ट्यावर एक नियम आहे. टॉस उडाला की जात, धर्म, पगार, पाणी यांतला एकही शब्द काढायचा नाही. नियम केला बँकेतून निवृत्त झालेल्या एका स्नेह्याने. तेव्हा मीही मान डोलावली होती, हे आधीच कबूल करतो.

त्याचं म्हणणं साधं आहे. सकाळी पेपर उघडला की तेच, संध्याकाळी टीव्ही लावला की तेच, जेवताना मुलगी तेच काढते. साडेसातला मॅच लागते, तेवढे तीन-चार तास तरी डोकं रिकामं राहू द्या की! खेळ म्हणजे विरंगुळा. धावफलकावर जात लिहिलेली नसते, चेंडूला धर्म कळत नाही, आणि तुमच्या चर्चेने आजवर कुणाचं काय भलं झालंय?

यातला थकवा खरा आहे आणि त्याची टिंगल करणाऱ्यांतला मी नाही. विशेषतः वरून हुकूम आल्यासारखी जी सामाजिक जाणीव मैदानात उतरते, तिचा कंटाळा यावा यात नवल नाही. २४ ऑक्टोबर २०२१ ची दुबईतली भारत-पाकिस्तान लढत आठवा. सामन्याआधी आपले खेळाडू वर्णद्वेषाच्या निषेधार्थ गुडघ्यावर बसले. कर्णधार कोहलीने नंतर सांगितलं, की तसं व्यवस्थापनाने कळवलं होतं. दोनच दिवसांनी दक्षिण आफ्रिकेच्या मंडळाने हेच सक्तीचं केलं, तेव्हा क्विंटन डी कॉक सामन्यातूनच बाजूला झाला. पुढे माफी मागून तोही गुडघ्यावर बसला. सक्तीच्या प्रार्थनेला मुलं उभी राहतात तसलाच हा प्रकार. याला कुणी कंटाळलं असेल, तर मीही त्याच रांगेत उभा आहे.

पण त्याच रात्री पुढे काय झालं? आपण दहा गड्यांनी हरलो. म्हणजे आपल्या एकाही गोलंदाजाला एकही बळी मिळाला नव्हता. तरी शिव्या पडल्या त्या मोहम्मद शमीला, आणि त्या गोलंदाजीबद्दल नव्हत्या. चेंडूला धर्म कळत नसेलही, बघणाऱ्याला बरोबर कळतो. गुडघ्यावर बसण्याचा सोपस्कार दूरदेशीच्या अन्यायासाठी होता. आपल्या घरातला अन्याय चार तासांत, त्याच सामन्याच्या पोटातून बाहेर आला. तो कुणा चळवळ्याने स्टेडियममध्ये आणून ठेवला नव्हता. काही दिवसांनी कोहली पत्रकारांसमोर शमीच्या बाजूने ठाम बोलला. तेव्हा मात्र त्याला कुणी काही कळवावं लागलं नाही, आणि ते ऐकताना मला कंटाळाही आला नाही.

‘धावफलकावर जात नसते’ हे वाक्य बाळू पालवणकरांना ऐकवून बघायला हवं होतं. चर्मकार समाजातला हा डावखुरा फिरकी गोलंदाज पुण्यात युरोपियनांच्या क्लबात महिना चार रुपयांवर मैदान राखायचा आणि नेटमध्ये साहेबांना तासन् तास चेंडू टाकायचा. बॅट हातात मिळायची नाही. पुढे हिंदूंच्या संघाला साहेबाला हरवायचं होतं, म्हणून बाळूला घेतलं. आता चहाच्या सुट्टीतलं दृश्य डोळ्यांपुढे आणा. आत संघातले बाकीचे पांढऱ्याशुभ्र चिनी मातीच्या कपांतून चहा पिताहेत, आणि ज्याच्या जिवावर सामना चाललाय तो बाहेर उभा राहून मातीच्या बोळक्यातून. चहा संपला की बोळकं फेकून द्यायचं. सुट्टी संपली की त्याच्या बोटांतून सुटलेला तोच चेंडू सगळे बिनदिक्कत हातात घेणार. विटाळ कपाला होता, चेंडूला नव्हता!

धावफलक खोटं बोलत नाही हे खरं, पण तो सगळं सांगतही नाही. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी शंभरावर बळी घेतले, ते आकडे सापडतात. कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही, त्यासाठी आकड्यांच्या पलीकडे बघावं लागतं.

आणि चर्चेने काय होतं, याचंही उत्तर याच घरात आहे. १९२० साली कर्णधारपदासाठी पुन्हा डावललं गेलं, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या भावांनी जाहीर पत्रक काढून संघातून अंग काढून घेतलं. ऐन सामन्याच्या तोंडावर! त्या वेळच्या कट्ट्यांवरही ‘हे आत्ताच काढायचं होतं का’ म्हणणारे असणारच. तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल हिंदूंच्या संघाचा कर्णधार झाला. गप्प बसून झाला असता असं मला वाटत नाही.

‘ते जुनं झालं हो,’ असं स्नेही म्हणतो. ऑगस्ट २०२१ जुना नाही. टोकियो ऑलिम्पिकमध्ये हॉकीत हॅट्ट्रिक करणारी पहिली भारतीय महिला वंदना कटारिया. उपांत्य सामना अर्जेंटिनाने जिंकला आणि हरिद्वारजवळ तिच्या घरासमोर फटाके वाजले, सोबत जातीवाचक शिव्या. संघात दलित मुली भरल्या म्हणून हरलो, असं म्हणे. फटाके दारात वाजत असताना त्या घरातल्यांना ‘आज सामाजिक नको, आज मॅच आहे’ असं म्हणायची सोय नव्हती. ती सोय मला आहे, माझ्या स्नेह्याला आहे.

शिवाय आपण खरोखरच राजकारण बाहेर ठेवतो का? १९९१ मध्ये पाकिस्तानचा दौरा नको म्हणून वानखेडेची खेळपट्टी उखडली गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये दुबईत आपल्या संघाने पाकिस्तानी खेळाडूंशी हस्तांदोलन टाळलं, तेव्हा आमच्या कट्ट्यावर आठवडाभर दुसरा विषय नव्हता, आणि सगळ्यांत मोठा आवाज नियम करणाऱ्याचाच होता. बरोबर की चूक, तो वाद वेगळा. पण त्या आठवड्यात कुणी थकलेलं दिसलं नाही. आपल्या आवडीचा विषय असला की ते देशप्रेम आणि दुसऱ्याचा असला की सामाजिक कटकट, असा हा हिशेब आहे.

एका ठिकाणी मात्र त्याचं म्हणणं मला खोडता येत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला पोचली, पहिल्या खेपेला सुमारे ५ लाख लिटर. त्याच आठवड्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितले. ‘सामने हलवून लातूरला एक घागर तरी जास्त मिळाली का?’ असं तो तेव्हा विचारायचा. नाही मिळाली. मीही तेव्हा जरा जास्तच टाळ्या वाजवल्या होत्या. पण कोर्टात प्रश्न निघाल्याबरोबर मैदानासाठी प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरायची तयारी दाखवली गेली. ती तयारी आदल्या वर्षीही दाखवता आली असती. कुणी विचारलं नव्हतं, इतकंच.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. जे मैदानातूनच उगवलंय ते बोलायचं, मग कितीही कंटाळा येवो. कोण कुठल्या कपातून पितो, हरल्यावर कुणाच्या दारात फटाके वाजतात, खेळपट्टीवर कुणाच्या वाटचं पाणी पडतं, २००६ पर्यंत महिला क्रिकेटला बीसीसीआयचं छप्परही का नव्हतं, हा सगळा खेळाचाच भाग आहे. जे प्रायोजकाच्या पट्टीसारखं बाहीवर चिकटवलेलं आहे, त्याला खुशाल जांभई द्यावी. वेळेचं भानही हवं. सहा चेंडूंत नऊ धावा हव्या असताना जो समान मानधनाचा विषय काढतो, त्याला कट्ट्यावरून उठवायला मी मदत करीन.

३० ऑक्टोबर २०२५ च्या रात्री आम्ही नियम पाळला. नेरूळला महिला विश्वचषकाचा उपांत्य सामना, समोर ऑस्ट्रेलिया, ३३९ चं लक्ष्य. आपल्या मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज नाबाद १२७ वर उभी राहिली आणि सामना काढला. ती रडत होती. इकडे स्नेही चष्मा पुसत होता. कुणी काही बोललं नाही. मग त्यानेच विचारलं, ‘हिच्या त्या जिमखान्याच्या सदस्यत्वाचं काय झालं होतं रे, मागच्या वर्षी?’

मी घड्याळाकडे बोट दाखवलं. म्हटलं, नियम आहे.

‘मॅच संपली की,’ तो म्हणाला, आणि खुर्ची पुढे ओढली.