दाद चवीला, औषधाला नव्हे

फ्रान्समधील बोर्दो परिसरातील पोयाक येथील ‘शातो लाफित’ हा द्राक्षमळा १८५५ च्या प्रसिद्ध वर्गवारीत पहिल्या श्रेणीत गणला गेला. काबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षाचे प्राबल्य असलेली तेथील लाल वाइन नवी असताना तुरट लागते. कारण तिच्यातील टॅनिन लाळेतील प्रथिनांना चिकटते. सोबत भाजलेले कोकराचे मांस असले, की त्यातील प्रथिने व स्निग्धांश हा तुरटपणा सौम्य करतात. या रसिकतेला माझी मनापासून दाद आहे.

आक्षेप आहे तो तिला औषध म्हणण्यास. १९९२ साली ‘लॅन्सेट’मध्ये ‘फ्रेंच विरोधाभासा’वर लेख आला आणि ‘हृदयासाठी पेलाभर’ हा सल्ला दवाखान्यांतही पोहोचला. परंतु मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले. खुद्द फ्रान्समध्ये २००७ पासून बाटलीवर गर्भवतींसाठी इशारा सक्तीचा आहे. गर्भातील बाळाला नकार देता येत नाही. तो त्याच्या वतीने देणे हे आम्हा बालरोगतज्ज्ञांचे कर्तव्य होय.

डॉक्टरमित्रहो, वाइनची चव खुशाल वाखाणावी. आपल्या चिठ्ठीवर मात्र तिला स्थान नसावे.