उराकामीची घंटा

९ ऑगस्ट हा आपला क्रांतिदिन. १९४२ च्या लढ्याचे स्मरण करण्यासाठी आपण दरवर्षी गवालिया टँकच्या मैदानावर जमतो, हुतात्म्यांना अभिवादन करतो. परंतु बरोबर तीन वर्षांनी, १९४५ साली, याच तारखेला नागासाकीवर अणुबाँब पडला, हे आपल्यापैकी कितीजणांच्या मनात त्या सकाळी येते? बाँब फुटला तो तेथील घड्याळात ११ वाजून २ मिनिटांनी. आपल्या आजच्या घड्याळाप्रमाणे सकाळी ७ वाजून ३२ मिनिटांनी. म्हणजे आपण अभिवादनासाठी घराबाहेर पडत असतो, त्याच सुमारास तिकडे उराकामीच्या चर्चमध्ये मृतांसाठी प्रार्थना चाललेली असते.

उराकामी ही नागासाकीची उत्तरेकडील वस्ती. तेथील ख्रिस्ती शेतकऱ्यांनी अडीचशे वर्षे आपला धर्म लपवून जपला. तो उघड झाला तेव्हा, १८६७ नंतर, तीन हजारांहून अधिक माणसांना सरकारने गावातून उचलून देशभर हद्दपार केले. त्यांतील सहाशेच्या वर परत आलीच नाहीत. १८७३ मध्ये बंदी उठल्यावर उरलेली माणसे परतली आणि १८९५ पासून त्यांनी आपले चर्च बांधावयास घेतले. ते १९१४ मध्ये पुरे झाले. राजसत्तेच्या वरवंट्याखालून निघालेल्या गरीब समाजाची ती कमाई होती. बाँब फुटला तो या चर्चपासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर. बारा हजारांच्या या ख्रिस्ती वस्तीतील सुमारे साडेआठ हजार माणसे मारली गेली. ज्यांनी बाँब टाकला, ते राष्ट्रही स्वतःला ख्रिस्ती म्हणवीत होते, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

पुढे काय झाले, ते आपण विशेष लक्षपूर्वक पाहिले पाहिजे. २३ नोव्हेंबर १९४५ रोजी ढासळलेल्या चर्चपाशी मृतांसाठी प्रार्थनासभा झाली. तीत डॉ. ताकाशी नागाई बोलले. त्यांची पत्नी बाँबने मारली गेली होती आणि ते स्वतः रक्ताच्या कर्करोगाने ग्रस्त होते. युद्धाच्या पापाचे प्रायश्चित्त म्हणून देवाने उराकामीचा निष्कलंक बळी स्वीकारला, अशा आशयाचे ते बोलले. उराकामीवर देवांचा कोप झाला, असे शहरातील काही लोक त्या वेळी म्हणत होते. त्या हिणवणुकीपुढे या शब्दांनी आप्त गमावलेल्यांना मान ताठ ठेवण्याचे बळ दिले. नागाईंच्या दुःखाचा अधिक्षेप करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

तथापि हा अर्थ एकदा स्वीकारला की प्रश्न विचारण्याची वाटच बंद होते. बाँब देवाच्या योजनेने पडला असेल, तर तो टाकण्याचा हुकूम देणारे सुटले. आणि पराभव दिसत असूनही युद्ध लांबविणारे जपानचे राज्यकर्तेही सुटले. वस्तुस्थिती काय होती? त्या दिवशीचे पहिले लक्ष्य कोकुरा हे शहर होते. तेथे ढगांमुळे व धुरामुळे लक्ष्य दिसेना, म्हणून विमान नागासाकीकडे वळले. यात ईश्वरी निवड कोठे आली? हुकूम माणसांचा होता आणि मेली तीही माणसेच. युद्ध हे माणसाचे कृत्य आहे, असे १९८१ च्या फेब्रुवारीत पोप जॉन पॉल दुसरे यांनी हिरोशिमात स्पष्ट शब्दांत सांगितले. अनेक वर्षे मुकाट राहिलेल्या उराकामीच्या श्रद्धावंतांपैकी कित्येकांना त्यानंतर तोंड उघडता आले.

हितोशी मोतोशिमा हे कॅथलिक गृहस्थ नागासाकीचे महापौर होते. ते समाजवादी नव्हते. पुराणमतवादी पक्षाच्या पाठिंब्यावर निवडून आलेले होते. डिसेंबर १९८८ मध्ये, सम्राट मृत्युशय्येवर असताना, युद्धाची जबाबदारी सम्राटावरही येते असे ते नगरसभेत बोलले. पक्षाने पाठिंबा काढून घेतला. १८ जानेवारी १९९० रोजी एका उजव्या अतिरेक्याने त्यांच्यावर गोळी झाडली. ते वाचले आणि शब्द मागे न घेता १९९१ मध्ये पुन्हा निवडून आले. सक्तीने राबविलेल्या आणि बाँबने मेलेल्या कोरियन मजुरांचीही त्यांनी आठवण ठेवली. मृतांचे खरे स्मरण ते हेच: आपल्या मेलेल्यांसाठी रडताना आपल्या राज्याने मारलेल्यांचाही हिशेब मांडणे.

आपण कार्यकर्ते प्रार्थनेकडे थोड्या उपहासानेच पाहतो. पण आपल्या शोकसभा तरी काय वेगळ्या असतात? दोन मिनिटे उभे राहावयाचे, ठराव करावयाचा आणि बसावयाचे. प्रार्थना असो की ठराव, त्यातून जबाबदारीचा प्रश्न उभा राहत नसेल तर दोन्ही सारखीच पोकळ. १९७४ मध्ये आणि पुन्हा १९९८ मध्ये पोखरणला स्फोट झाले, तेव्हा आपल्याकडे पेढे वाटले गेले. अण्वस्त्रबंदीचा करार २०१७ मध्ये झाला. त्यावर भारताची सही नाही आणि, आश्चर्य असे की, जपानचीही नाही. शांततेची प्रार्थना सरकारांनाही परवडते. सही परवडत नाही.

उराकामीच्या दोन घंटांपैकी एक बाँबने नष्ट झाली. दुसरी ढिगाऱ्यातून काढून १९४५ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला वाजविण्यात आली. नष्ट झालेल्या घंटेची जागा ऐंशी वर्षे रिकामी होती. अमेरिकेतील कॅथलिकांनी वर्गणी करून नवी घंटा दिली. या कामी पुढाकार घेणारे प्राध्यापक हे अणुबाँब प्रकल्पात काम केलेल्या एका डॉक्टरांचे नातू. ९ ऑगस्ट २०२५ रोजी, ११ वाजून २ मिनिटांनी, दोन्ही घंटा एकत्र वाजल्या. आजोबांच्या पिढीच्या कृत्याचे उत्तरदायित्व नातवाने आपणहून पत्करले, ही या घंटेची खरी किंमत आहे.

पुढच्या क्रांतिदिनी मैदानावर जमू तेव्हा १९४२ च्या हुतात्म्यांबरोबर उराकामीच्या या शेतकऱ्यांचेही स्मरण करू या. आणि त्याच सभेत आपल्या सरकारला विचारू या: अण्वस्त्रबंदीच्या करारावर सही केव्हा करणार?