हुकलेल्या रेषांचा हिशेब

इंग्लंडमधल्या स्टोनहेंजच्या शिळावर्तुळात मधोमध उभे राहिले, तर वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी सूर्य ‘हील स्टोन’ नावाच्या एकट्या शिळेजवळ उगवताना दिसतो. विल्यम स्टकली यांनी आपल्या १७४० च्या ग्रंथात या दिशेची नोंद केली. तेव्हापासून प्रश्न भिजत पडला आहे : साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या, लिपी नसलेल्या त्या माणसांनी हे ठरवून केले, की त्यांच्या दगडांत आपणच आपला अर्थ वाचतो आहोत?

१९६३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ जेराल्ड हॉकिन्स यांनी शिळा आणि खड्डे जोडणाऱ्या रेषा संगणकाला दिल्या आणि त्यांतल्या बऱ्याच सूर्यचंद्राच्या उदयास्तांशी जुळतात असे ‘नेचर’मध्ये जाहीर केले. तिथल्या ५६ खड्ड्यांचे वर्तुळ हे ग्रहणे वर्तवण्याचे साधन होते, असेही त्यांनी पुढे मांडले. आपल्या जयंत नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉईल यांनीही त्याच खड्ड्यांवरून ग्रहणे सांगण्याची वेगळी रीत सुचवली. स्टोनहेंजचे उत्खनन केलेले रिचर्ड ॲटकिन्सन मात्र १९६६ मध्ये हॉकिन्सवर तुटून पडले. त्या खड्ड्यांत दहन केलेल्या माणसांच्या अस्थी सापडल्या आहेत, हे ग्रहणाच्या उत्साहात अनेकजण सोयीस्करपणे विसरतात.

बँकेतल्या नोकरीने मला एक सवय लावली. जुळलेल्या नोंदींनी हुरळून जायचे नाही; न जुळलेल्या किती, ते आधी विचारायचे. समजा, एखाद्या माळावर वीस दगड कसेही पडले आहेत. दोन-दोन जोडले की १९० रेषा होतात. प्रत्येक रेषेवरून दोन्हीकडे पाहता येते, म्हणजे ३८० दिशा. क्षितिजावर अयनदिनांच्या सूर्याच्या चार जागा आणि चंद्राच्या १८.६ वर्षांच्या फेऱ्यातल्या टोकाच्या आठ, अशा बारा जागा धरल्या आणि प्रत्येकीला आजूबाजूला दोन-दोन अंशांची सूट दिली, तर ३६० पैकी ४८ अंश आपल्या पदरात पडतात. म्हणजे ज्यांच्यामागे कुणाचाच हेतू नाही अशा दगडांतूनही पन्नासेक ‘वेध’ निघणारच! हुकलेल्या सव्वातीनशे दिशांविषयी कुणी लेख लिहीत नाही.

इंजिनिअर असलेले प्राध्यापक अलेक्झांडर थॉम यांना असे सहज निकालात काढता येत नाही. त्यांनी वर्षानुवर्षे स्कॉटलंडच्या माळांवर स्वतः मोजणी केली आणि प्राचीन माणूस अत्यंत सूक्ष्म वेध घेत होता, असा निष्कर्ष काढला. क्लाइव्ह रगल्स यांनी कोणत्या रेषा धरायच्या याचे नियम आधी बांधून पश्चिम स्कॉटलंडमधली तीनशेच्या आसपास स्थळे पुन्हा तपासली. १९८४ साली ती पाहणी प्रसिद्ध झाली. सूक्ष्मता टिकली नाही, पण काही दिशांकडचा ढोबळ कल टिकला. मला हे उत्तर अधिक माणसाळलेले वाटते. ईशान्य स्कॉटलंडमधल्या आडव्या शिळेच्या डझनावारी वर्तुळांतही ती शिळा दक्षिण-आग्नेय ते पश्चिम-नैऋत्य अशा पट्ट्यातच असते, उत्तरेला कधीच नाही. एक वर्तुळ योगायोग असेल. पिढ्यान्‌पिढ्या तोच योगायोग घडत नसतो.

आणि आयर्लंडमधले न्यूग्रेंज? सुमारे ५२०० वर्षांपूर्वीच्या या थडग्याच्या दारावर एक वेगळा झरोका आहे. दार शिळेने बंद केले तरी तो उघडा राहतो. २१ डिसेंबर १९६७ च्या पहाटे उत्खननकर्ते मायकेल ओकेली आत उभे होते. त्या झरोक्यातून सूर्यकिरण १९ मीटर लांबीच्या बोळातून थेट गाभाऱ्यात आला. अशा झरोक्याचा दुसरा उपयोग काय? इथे माझी शंका संपते.

स्टोनहेंजचा अक्ष उलट पाहिला, तर तो सर्वांत लहान दिवसाच्या सूर्यास्ताकडे जातो. जवळच्या डरिंग्टन वॉल्स या त्याच काळच्या वस्तीत डुकरांच्या दातांवरून दिसते की, त्यांतली बरीच नऊ महिन्यांची असताना मारली गेली. वसंतात जन्मली असतील, तर जेवणावळी ऐन हिवाळ्यातल्या. हेतूचा पुरावा असा उष्ट्या-खरकट्यातही सापडतो.

२००८ मध्ये माइक पार्कर पिअरसन यांच्या चमूने हील स्टोनजवळचा जुना रस्ता खणला. खाली हिमयुगातल्या गोठण्या-वितळण्याने पडलेल्या नैसर्गिक चऱ्या निघाल्या, नेमक्या त्याच अक्षावर. जागा त्यांच्यामुळेच निवडली गेली, असे पिअरसन यांचे म्हणणे. खरे असेल तर पहिली रेघ योगायोगाने पडलेली होती. ती कुणाच्या तरी नजरेत भरली आणि पुढे २५ किलोमीटरवरून वीस-वीस टनांच्या शिळा तिथे ओढत आणल्या गेल्या.