कुलूप मजबूत, पण किल्ली कोणाकडे?

ई-मेल सेवा पुरवणारी एखादी कंपनी खात्यात प्रवेश करण्याची पद्धत अधिक कडक करते, तेव्हा वापरकर्त्यांची पहिली प्रतिक्रिया क्वचितच कृतज्ञतेची असते. 'भीक नको, पण कुत्रा आवर' हीच भावना बहुधा व्यक्त होते. गूगलच्या जीमेल सेवेत गेल्या काही वर्षांत झालेल्या बदलांचे स्वागतही असेच झाले. तंत्रज्ञ मंडळी या नाराजीची बोळवण 'लोकांना सुरक्षेचे गांभीर्यच नाही' अशा एका वाक्यात करतात. मात्र ही नाराजी नीट तपासली तर तिच्यात दोन वेगवेगळ्या तक्रारी मिसळलेल्या दिसतात. एक सवय मोडल्याची, तर दुसरी स्वतःच्याच खात्याबाहेर अडकून पडण्याची. पहिली काळाबरोबर विरून जाते. दुसरी विरत नाही आणि तिच्याकडे दुर्लक्ष करणे परवडणारेही नाही.

आधी बदलांचा क्रम पाहू. फेब्रुवारी २०११ मध्ये जीमेलने सर्वसामान्य खातेदारांना द्विस्तरीय पडताळणीची सोय दिली. पासवर्डखेरीज मोबाइलवर येणारा संकेतांकही द्यायचा, असे तिचे स्वरूप होते. सोय ऐच्छिक होती आणि लोकांनी तिच्याकडे पाठच फिरवली. सात वर्षांनंतर, जानेवारी २०१८ मध्ये, गूगलच्या एका अभियंत्याने कॅलिफोर्नियातील परिषदेत सांगितले, की सक्रिय खातेदारांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी लोक ती वापरतात. मग सक्ती का करत नाही, या प्रश्नावर त्याचे उत्तर होते, की सक्ती केल्यास किती लोक सेवा सोडून जातील, याचा विचार करावा लागतो.

पुढे ही भीड कंपनीने सोडली. २०२१ च्या अखेरपर्यंत १५ कोटी खात्यांना ही पडताळणी आपोआप लागू करण्याचे तिने जाहीर केले. त्या खात्यांपुरते ती बळकावली जाण्याचे प्रमाण निम्म्याने घटल्याचे फेब्रुवारी २०२२ मध्ये सांगण्यात आले. ३० मे २०२२ पासून केवळ नाव आणि पासवर्ड देऊन जीमेलशी जोडल्या जाणाऱ्या जुन्या प्रोग्राम्सना वैयक्तिक खात्यांची दारे बंद झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये पासवर्डऐवजी बोटाचा ठसा किंवा फोनच्या कुलपावर चालणारी 'पासकी' हा पहिला पर्याय म्हणून पुढे करण्यात आला.

एक किल्ली, अनेक कुलुपे

एवढा खटाटोप ई-मेलसाठीच का, याचे कारण सरळ आहे. प्राप्तिकराचे संकेतस्थळ असो, रेल्वेचे आरक्षण असो वा खरेदीचे दुकान. पासवर्ड विसरल्यावर नवा पासवर्ड ठरवण्याचा दुवा बहुतेक ठिकाणी ई-मेलवरच येतो. ज्याच्या हाती टपालपेटी, त्याच्या हाती बाकीची कुलुपे. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेतील उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचे याहू खाते एका विद्यार्थ्याने उघडले. त्यासाठी कोणतेही अचाट तंत्र त्याला लागले नाही. जन्मतारीख, पिन कोड आणि पतीशी भेट कोठे झाली, एवढी सार्वजनिक माहिती पुरेशी ठरली. मार्च २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारप्रमुखांचे जीमेल खाते फोडले गेले ते गूगलच्या नावाने आलेल्या बनावट इशाऱ्यामुळे. पासवर्ड बदलण्याचा सल्ला देणारे पत्रच पासवर्ड चोरणारे होते. याहूवरील २०१३ च्या हल्ल्यात तर कंपनीची सर्वच्या सर्व, म्हणजे ३०० कोटी खाती सापडली होती, हे ऑक्टोबर २०१७ मध्ये उघड झाले. तेव्हा केवळ पासवर्डवर विसंबण्याचे दिवस सरले, याबद्दल दुमत नसावे.

वैतागामागचा हिशेब

तरीही लोक चिडतात, ते अडाणीपणामुळे नव्हे. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातील कॉर्मॅक हर्ली यांनी २००९ मध्येच एका गाजलेल्या निबंधात दाखवून दिले होते, की सुरक्षेचे सल्ले धुडकावणारा सामान्य माणूस आपल्या परीने व्यवहारीच वागत असतो. रोजचा त्रास प्रत्येकाच्या वाट्याला निश्चित येतो; संभाव्य हानी मात्र थोड्यांच्या वाट्याला, कधीतरी येते. खर्च करायचा वापरकर्त्याने आणि सल्ला द्यायचा इतरांनी, अशी ही वाटणी आहे.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. गूगलने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार मोबाइलवर आलेल्या संकेतांकामुळे स्वयंचलित हल्ले पूर्णपणे, सरसकट पाठवलेल्या फसव्या पत्रांचे हल्ले ९६ टक्के, तर विशिष्ट व्यक्तीला लक्ष्य करून केलेले हल्ले ७६ टक्के रोखले गेले. हे आकडे प्रभावी आहेतच. पण कंपनीनेच त्याच वेळी आणखी एक आकडा दिला होता. एका प्रयोगात पडताळणीच्या क्षणी ३८ टक्के वापरकर्त्यांपाशी त्यांचा फोनच नव्हता, आणि ३४ टक्क्यांना आपला पर्यायी ई-मेल पत्ता आठवला नाही. चोराला अडवणारा पहारेकरी घरमालकालाही ओळखेनासा झाला, तर त्याला निर्दोष पहारा म्हणता येणार नाही.

भारतात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. पासवर्ड डोक्यात असतो. संकेतांक सिमकार्डावर येतो. आपल्याकडे मात्र स्वस्त योजनेसाठी सिमकार्ड बदलणे सर्रास चालते. घरात एकच फोन चौघांत फिरतो. प्रवेशअर्ज वा नोकरीचा अर्ज भरताना सायबर कॅफेचालकाने घाईत काढून दिलेल्या ई-मेल खात्याला कित्येकदा त्याचाच क्रमांक जोडलेला असतो. परदेशी मुलांकडे गेलेल्या आईवडिलांचा इथला क्रमांक तिथे बंद असतो. त्यात भर म्हणजे बंद पडलेला क्रमांक कायमचा नाहीसा होत नाही. असा क्रमांक किमान ९० दिवस नव्या ग्राहकाला दिला जात नाही, हे नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर स्पष्ट झाले. याचाच अर्थ, त्यानंतर तो दिला जाऊ शकतो. मग जुन्या मालकाच्या खात्याचा संकेतांक नव्या मालकाच्या फोनवर वाजू लागतो.

फोन क्रमांक मागण्याबद्दलचा संशयही निराधार नाही. सुरक्षेसाठी म्हणून घेतलेले क्रमांक जाहिरातींसाठी वापरल्याबद्दल मे २०२२ मध्ये ट्विटरला अमेरिकेत १५ कोटी डॉलरचा दंड झाला होता. प्रकरण दुसऱ्या कंपनीचे असले, तरी अविश्वास साऱ्यांच्याच वाट्याला येतो.

खिडकी नसलेले कार्यालय

बँकेने खाते गोठवले तर शाखेत जाता येते, कागदपत्रे दाखवता येतात, लोकपालाकडे दाद मागता येते. मोफत ई-मेल सेवेला मात्र अशी खिडकीच नाही. खाते परत मिळवण्याचा अर्ज यंत्र वाचते आणि यंत्रच नाकारते. माहिती तंत्रज्ञानविषयक २०२१ च्या नियमांनुसार कंपन्यांना तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि ठरावीक मुदतीत तक्रार निकाली काढावी लागते, हे खरे. पण 'हा माणूस खरोखर खातेदारच आहे' याची समोरासमोर खातरजमा करणारी व्यवस्था त्यातून उभी राहत नाही. शिवाय डिसेंबर २०२३ पासून दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचे धोरण गूगलने अमलात आणले आहे. बाहेर अडकलेल्याला तेवढाच अवधी.

पासकीने फसव्या पत्रांचा धोका बराच कमी होतो, कारण ती खऱ्या संकेतस्थळाखेरीज कोठेही चालत नाही. पण फोन हरवल्यावर काय, हा प्रश्न तिच्यापुढेही उभाच राहतो. म्हणूनच सुरक्षेचे मोजमाप किती चोर अडवले यावर थांबता कामा नये; किती खरे खातेदार परत आत येऊ शकले, याचाही आकडा कंपन्यांनी जाहीर करायला हवा. बदलाची पुरेशी पूर्वसूचना आणि अखेरच्या टप्प्यावर माणसाकडे दाद मागण्याची सोय, एवढी अपेक्षा कोट्यवधींचा पत्रव्यवहार सांभाळणाऱ्यांकडून अवाजवी नाही.

तोवर वाचकांनी आपल्यापुरती दोन कामे आजच उरकावीत. सिमकार्ड बदलण्याआधी खात्यातील क्रमांक बदलावा. आणि जीमेल देत असलेले दहा आपत्कालीन संकेतांक कागदावर उतरवून घरच्या महत्त्वाच्या कागदपत्रांबरोबर ठेवावेत. फोन हरवला तरी तो कागद कपाटात राहील.