सांगलीची सायकल, साताऱ्याचा उतार

भावाची जुनी सायकल जूनमध्ये माहेराहून आणली. पोलादी सांगाडा, जाड टायर, सव्वीस इंची चाकं. विश्रामबागेपासून गणपतीच्या देवळापर्यंत त्यानं ती वर्षानुवर्षं दामटली, पण ब्रेकबद्दल कधी कुरकूर नाही. असणार कशी? कृष्णाकाठची सांगली सपाट. पाय थांबले की सायकल थांबते!

आमचा सातारा अजिंक्यताऱ्याच्या उतरणीवर वसलेला. जुलैतल्या पावसात लेक वरच्या रस्त्यावरून खालच्या रस्त्याकडे बोळातून उतरत होती. दोन्ही ब्रेक दाबले, तरी सायकल आपली चाललेलीच. शेवटी पाय घासत, भिंतीला टेकून थांबली. चप्पल तुटली, गुडघा सोलला. एवढ्यावर निभावलं म्हणायचं.

हे म्हणाले, "रबरं बदला, झालं." बदलली. कोरड्यात छान लागली, सर आली की पुन्हा तेच. मग सायकलवाल्या काकांनी पुढचं चाक गरकन फिरवलं आणि रिमवर बोट ठेवलं. "वहिनी, दोष हिचा."

लोखंडी रिमवर क्रोमचा गुळगुळीत मुलामा असतो. ती ओली झाली की मध्ये पाण्याचा पातळ थर राहतो आणि रबर नुसतं घसरतं. ॲल्युमिनियमच्या रिमवर ओल्यातही पकड पुष्कळ बरी राहते. अगदी कोरड्यासारखी नव्हे हं. चकचकीत ते चांगलं, ही आपली भांडी घासून झालेली समजूत!

दोन्ही रिमांचे पैसे एकदम नसतील तर आधी पुढची बदला. ब्रेक दाबला की भार पुढच्या चाकावर येतो, थांबवण्याचं बहुतेक काम तिथंच होतं. जुना हब चालतो, मात्र आरे मोजून जा. नव्या रिमला भोकं तितकीच हवीत. चाक बांधल्यावर त्याचा आऊट नीट काढून घ्या. ब्रेकची वायर गंजली असेल तर आवरणासकट नवी टाका.

दुकानात 'व्ही ब्रेक घाला' असंही सांगतात. लांब हातांचे हे ब्रेक शिमानोनं १९९६ साली आणले. चांगले आहेत, पण त्यांना वायर जास्त ओढावी लागते, म्हणून लिव्हरही त्याच जातीचा हवा. नाहीतर तो हँडलला टेकतो तरी ब्रेक पुरता लागत नाही. शिवाय पुढच्या चिमट्यावर ते बसवायचे खुंट असावे लागतात. आमच्या सायकलीला होते, म्हणून घातले.

आता रविवारी मी स्वतः बघते. रबर टायरला घासत नाही ना, लिव्हर हँडलपर्यंत जात नाही ना. साखळीला तेल देताना रिमवर थेंब पडू देत नाही. पावसात उतार लागायच्या आधीच ब्रेक हलके दाबून रिमवरचं पाणी पुसून घ्यायचं, हे लेकीला चार वेळा करायला लावलं.

मागची रिम दिवाळीनंतर. तोवर पावसात यवतेश्वरच्या घाटाकडे सायकल न्यायची नाही, असं ठरलंय. लेक फुरंगटली आहे. असू दे.