हापूस: नाव एकाचे, फळ दुसऱ्याचे

संपादक महाशयांस,

कर्नाटकी आंबा देवगडच्या पेटीतून विकल्याने गरिबाच्याही मुखी हापूस पडतो, हे आपल्या पत्रलेखकांचे प्रतिपादन चमत्कारिक आहे. कारण मुखी पडतो तो हापूस नव्हेच, दाम मात्र बहुधा हापूसचे. तोच आंबा स्वनामे विकण्यास कोणाची हरकत? परंतु खऱ्याखोट्याची पारख होत नाही असे दिसताच गिऱ्हाईक सरसकट मधला भाव देऊ करते, त्यात अस्सल बागायतदाराचा खर्चही सुटत नाही, आणि तो बाजारातून उठतो, हे अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० सालीच जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखविले. हापूसच्या २०१८ सालच्या भौगोलिक मानांकनात आपला ठाणे जिल्हाही अंतर्भूत आहे. त्याचा अंमल माजिवडा नाक्यावरील पेटीपर्यंत पोहोचावा, एवढीच अर्जी.

— एक वाचक, माजिवडा, ठाणे