विषाचे माप

२०१७ सालच्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर प्राणांस मुकले. शेकडो रुग्णालयात पडले. शासनाने विशेष चौकशी पथक नेमले, हातमोजे आणि मुखपट्ट्या वापरण्याचा उपदेशही पुष्कळ झाला. आम्हांस विचारावासा वाटतो तो प्रश्न निराळा आहे. पाठीवर पंप घेऊन दिवसभर राबणाऱ्या माणसाच्या अंगात विष जाते तरी किती, हे मोजतो कोण?

ते मोजता येत नाही असे कोणी म्हणू नये. डरहॅम व वुल्फ या अमेरिकी संशोधकांनी १९६२ मध्येच फवारणाऱ्याच्या अंगावर शोषक तुकडे लावून त्यांवर पडलेले विष मोजण्याची रीत मांडली होती. नाकावाटे जाते त्याहून कितीतरी अधिक विष त्वचेवर पडते, हे अशा मोजणीतूनच ध्यानी आले. केवळ मुखपट्टीवर भिस्त ठेवणाऱ्यांनी याचा विचार करावा.

ऑर्गनोफॉस्फेट वर्गातील विषांचा प्रताप तर रक्तातच दिसतो. कोलिनेस्टरेज नामक द्रव्याचे कार्य ती बंद पाडतात. ते किती घटले यावरून माणूस कोसळण्यापूर्वीच धोका ओळखता येतो. परंतु निरोगी माणसांतही त्याचे प्रमाण सारखे नसते. म्हणून पहिली तपासणी हंगामापूर्वी व्हावयास हवी. जूनमध्ये मुलाची उंची न घेता एप्रिलमध्ये तो किती वाढला असे विचारणाऱ्या मास्तरास काय म्हणावे?

आपल्या १९७१ च्या कीटकनाशक नियमांत ही तपासणी आहे. अशी विषे बनविणाऱ्या कारखान्यांतील कामगारांचे रक्त दरमहा तपासावे असे ते सांगतात. मग तेच विष बाटलीतून पंपात ओतणाऱ्या मजुराने काय अपराध केला आहे? तो आज एकाच्या शेतात, उद्या दुसऱ्याच्या. त्याचा कायमचा मालक नाही, म्हणून त्याच्या नावाची नोंदवहीही नाही. विषाने भिजलेला सदरा घेऊन तो घरी जातो आणि तो सदरा पत्नी उघड्या हातांनी धुते. तिची गणना तर कोठेच नाही.

शहरवासीयांनीही हे दूरचे दुखणे समजू नये. खिडक्या लावून रात्रभर जाळलेल्या डासांच्या वडीतूनही बहुधा कीटकनाशकच खोलीत पसरत असते, आणि पायरेथ्रॉइड वर्गातील त्या द्रव्यांचा माग लघवीच्या तपासणीत लागतो. अर्थात वडी आणि पंप यांतील धोका एकाच मापाचा नव्हे. आरंभ पंपापासूनच झाला पाहिजे.

कपाशीवरील फवारणी जुलैपासून जोर धरते. तत्पूर्वी कापूसपट्ट्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांनी फवारणाऱ्यांचे रक्त तपासून आकडा त्यांच्या हाती लेखी द्यावा व हंगामभर दरमहा तपासणी करावी. आकडा घसरलेल्या मजुरास पंपापासून दूर ठेवावे, पण त्या दिवसांची मजुरी बुडू देऊ नये. ती बुडणार असेल तर रक्त देण्यास कोणी फिरकणार नाही. खर्चाची अडचण पुढे केली जाईलच. तो विष विकणाऱ्या कंपन्यांकडून वसूल करण्यास आमची काही हरकत नाही.